लोगोचे कासव आणि आपला संगणकाचा तास

पाचवीच्या संगणक विषयाची एक चाचणी नुकतीच आमच्या पाहण्यात आली. पंधरा प्रश्न, पंधरा गुण. ‘कासव लपवण्याची आज्ञा कोणती?’, ‘पेन उचलण्यासाठी काय टाइप कराल?’, ‘लोगो ही भाषा कोणी तयार केली?’ आणि शेवटी ‘रिकामी जागा भरा : लोगोतील कासवाचा आकार ______ असतो’. अपेक्षित उत्तर ‘त्रिकोणी’. एका मुलाने तेथे ‘कासवासारखा’ असे लिहिले होते आणि त्याचा गुण गेला होता.

ज्या मुलांना पंधरापैकी पंधरा मिळाले होते त्यांना आम्ही फळ्याजवळ बोलावले आणि याच आज्ञा वापरून समभुज त्रिकोण काढायला सांगितले. पाचही मुलांनी एकच उत्तर लिहिले : ‘फॉरवर्ड १००, राइट ६०’, असे तीन वेळा. हे चूक आहे. पण चूक होणे ही येथे तक्रारीची गोष्ट नाही. आम्ही विचारले, “हे संगणकावर करून पाहिलंत का?” त्यावर एक मुलगी म्हणाली, “नाही सर, त्या तासाला आमचा नंबर आला नाही.” दुसऱ्याने सांगितले की पुस्तकात त्रिकोण दिलेला नाही, चौरस दिलेला आहे, आणि तो त्याला पाठ आहे.

लोगो ही संगणकाची भाषा शाळांतून सुमारे पाच दशके फिरते आहे. आपल्याकडील अनेक खाजगी शाळांच्या पुस्तकांत ती चौथी-पाचवीला असते. काही शाळांनी तिच्या जागी आता स्क्रॅच आणली आहे. एका मोठ्या शैक्षणिक कल्पनेचे आपल्या वर्गात काय झाले, हे तपासण्यासाठी लोगोइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे : लोगोतून शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे आपली चूक आपण शोधणे. आपल्या पुस्तकांनी आज्ञा ठेवल्या आणि ही गोष्ट गाळली. परंतु ती इतक्या सहज गळून पडली याचा काही दोष लोगोच्या जनकांकडेही जातो.

मूळ कल्पना

लोगोचा जन्म १९६७ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या कंपनीत झाला. वॉलेस फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन आणि सीमूर पॅपर्ट ही तिच्याशी जोडलेली प्रमुख नावे. ‘लोगोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘शब्द’, आणि सुरुवातीला या भाषेत मुले खरोखरच शब्द आणि वाक्ये यांच्याशी खेळत. कासव नंतर आले. तेही पडद्यावरचे नव्हे, तर जमिनीवर चालणारे, घुमटाच्या आकाराचे एक यंत्र. त्याच्या पोटाशी पेन असे आणि ते कागदावर आपल्या वाटेची रेघ ओढत जाई. म्हणजे ‘कासवासारखा’ हे त्या मुलाचे उत्तर इतिहासाच्या दृष्टीने अगदीच टाकाऊ नव्हते.

पॅपर्ट मूळचे गणिती. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे १९२८ मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी जिनिव्हा येथे झाँ पियाजे यांच्याबरोबर काम केले. मुले ज्ञान स्वतः रचतात हा पियाजेंचा विचार घेऊन ते अमेरिकेत आले. १९८० मध्ये त्यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या वेळी संगणकाचा शाळेतील मुख्य उपयोग म्हणजे मुलांना उदाहरणे घालणे आणि उत्तर बरोबर की चूक ते सांगणे. पॅपर्ट यांनी याला उलटे केले. त्यांच्या मते अशा वर्गात संगणक मुलाला चालवतो. व्हायला हवे ते असे की मुलाने संगणकाला चालवावे. मूल कासवाला शिकवते, आणि दुसऱ्याला शिकवताना आपल्याला किती कळले आहे हे त्याचे त्यालाच दिसते.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चुकीकडे पाहण्याची दृष्टी. आपल्या वहीत चूक म्हणजे लाल फुली. तेथे विषय संपतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या जगात मात्र पहिल्या फटक्यात काहीच बरोबर चालत नाही, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नाही. प्रश्न एवढाच असतो की गाडी कोठे घसरली आणि ती रुळावर कशी आणायची. पॅपर्ट यांना ही सवय गणिताच्या वर्गात आणायची होती.

साठ की एकशे वीस?

आता फळ्यावरच्या त्या त्रिकोणाकडे परत येऊ. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, हे मुलांना माहीत आहे. म्हणून ती ‘राइट ६०’ लिहितात. कासवाला ते केल्यावर त्रिकोण मिळत नाही. तीन बाजू निघतात, पण वाट बंदच होत नाही. नियमित षट्‌कोनाचा बरोबर अर्धा भाग तयार होतो.

का, ते समजून घेण्यासाठी मुलाने स्वतः कासव व्हायला हवे. एक बाजू चालून मी कोपऱ्यावर आलो. माझे तोंड अजून पुढेच आहे. मला वळायचे आहे ते या पुढच्या दिशेपासून, आणि त्रिकोणाचा ६० अंशांचा कोन तर माझ्या मागे राहिलेल्या बाजूशी मोजलेला आहे. म्हणजे मला १८० वजा ६०, अर्थात १२० अंश वळले पाहिजे. भूमितीच्या पुस्तकात याला बाह्यकोन म्हणतात. तेथे ती एक व्याख्या असते. येथे ती मुलाच्या टाचेला कळते.

याच्या पुढे एक सुंदर नियम उभा आहे. कासव बंद आकृती फिरून पुन्हा मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून आले, तर त्याने एकूण एक पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश, वळण घेतलेले असते. चौरसात ९० चार वेळा, त्रिकोणात १२० तीन वेळा, षट्‌कोनात ६० सहा वेळा. एक पाऊल चालून एक अंश वळत राहिले तर ३६० वेळांनंतर जवळजवळ वर्तुळ मिळते. ‘फॉरवर्ड १००, राइट १४४’ पाच वेळा केल्यास पाच टोकांची चांदणी होते, आणि तेथे बेरीज ७२० येते. असे का, हा प्रश्न नववीच्या विद्यार्थ्यांनीही जरूर सोडवून पाहावा.

एवढे सगळे ‘६०’ या एका चुकीच्या आकड्यातून निघते. पुस्तकात त्रिकोणाचा तयार प्रोग्राम बरोबर छापलेला असेल, मुलाने तो पाहून टाइप केला असेल आणि पडद्यावर सुबक त्रिकोण आला असेल, तर यातले काहीच घडत नाही.

लोगोवरील टीका

पॅपर्ट यांच्या पुस्तकानंतर अमेरिकेतील अनेक शाळांत लोगो आली आणि तिच्याविषयी मोठमोठी भाकिते होऊ लागली. लोगो शिकलेले मूल सर्वच बाबतींत नीट, पायरीपायरीने विचार करू लागेल, असे सांगितले जाई. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेज ऑफ एज्युकेशनमधील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी हे तपासून पाहिले. त्यांनी वर्षभरात सुमारे तीस तास लोगो केलेल्या मुलांना एक साधे काम दिले : फळा पुसणे, झाडांना पाणी घालणे अशी वर्गातील कामे कमीत कमी फेऱ्यांत कशी उरकाल याची योजना करा. लोगो शिकलेल्या मुलांच्या योजना न शिकलेल्या मुलांपेक्षा सरस नव्हत्या. १९८४ च्या सुमारास आलेल्या या निष्कर्षांनी लोगोच्या चाहत्यांना चांगलाच धक्का बसला.

पॅपर्ट यांनी १९८७ मध्ये उत्तर दिले. त्यांचा मुद्दा असा, की लोगोचा परिणाम काय होतो हा प्रश्नच चुकीचा आहे. लाकडाने घर चांगले होते का, असे आपण विचारत नाही. घर बांधणारा कोण आणि त्याने लाकडाचे काय केले, हे पाहतो. उत्तर बिनतोड आहे. पण मग आमचा प्रश्न असा : गवंड्याविषयी आणि सुताराविषयी आपण आधी किती बोललात? ‘माइंडस्टॉर्म्स’मध्ये मुलाविषयी आणि कल्पनांविषयी भरभरून लिहिले आहे. चाळीस मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाने सोमवारी सकाळी काय करावे, याविषयी त्यात फारच थोडे आहे. योग्य वातावरण दिले की मूल न शिकवता शिकेल, ही त्यातील आशा आहे.

ही आशा पुढे महागात पडली. २००५ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना जाहीर झाली, तिच्यामागे पॅपर्ट यांच्या विचारांचा मोठा आधार होता. पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर राबवली. तेथील तीनशेहून अधिक ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये जो अहवाल आला, त्यात गणित आणि भाषा यांच्या गुणांत काही वाढ आढळली नाही. सामान्य आकलनाच्या काही चाचण्यांत थोडा फायदा दिसला. पण यंत्र हाती दिल्याने शाळेचा अभ्यास आपोआप सुधारत नाही, हे स्पष्ट झाले.

आता दुसरी बाजू. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी १९८८ मध्ये एक वेगळा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना लोगो शिकवताना चूक शोधण्याची रीत वेगळी काढून, नाव घेऊन शिकवली. प्रोग्राम चालवा. हवे होते ते आणि मिळाले ते शेजारी ठेवून पाहा. फरक शब्दांत सांगा. असा फरक कोणत्या प्रकारच्या चुकीने पडेल याचा अंदाज करा. ती प्रोग्रामच्या कोणत्या भागात असेल ते ठरवून तेथेच शोधा. दुरुस्त करा आणि पुन्हा चालवा. नंतर या मुलांना संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचना दिल्या : रस्ता सांगणाऱ्या, सामान मांडण्याच्या. त्यात चूक पेरलेली होती. ती शोधण्यात या मुलांची स्पष्ट प्रगती दिसली.

मुले थोडी होती, त्यामुळे या प्रयोगावर फार मोठा इमला बांधू नये. तरी दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की शिक्षकाच्या उपयोगाची एक गोष्ट हाती येते. तीस तास कासव फिरवल्याने विचारांची शिस्त आपोआप येत नाही. ती शिस्त शिकवली, तर येऊ शकते. म्हणजे शिक्षकाची गरज लोगोने कमी केलेली नाही.

आपण काय ठेवले, काय टाकले

१९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ ही योजना सुरू केली, तेव्हा बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक आपल्या काही शाळांत आले. त्यानंतर यंत्रांच्या किती पिढ्या झाल्या! पण ‘संगणकाच्या भागांची नावे लिहा’ हा प्रश्न सर्वांना पुरून उरला. लोगोचेही तेच झाले. आम्ही पाहिलेल्या पुस्तकांत धड्याचा क्रम साधारण ठरलेला असतो : भाषेची ओळख, पडद्याच्या भागांची नावे, आज्ञांचा तक्ता, एक चौरस, आणि मग रिकाम्या जागा, जोड्या लावा, चूक की बरोबर. ‘चूक की बरोबर’ हा प्रश्न असतो, पण चूक कोठे आहे ते शोधा, हा प्रश्न नसतो.

यात शिक्षकाला बोल लावणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली पाच मिनिटे चपला बाहेर काढून रांगेत आत येण्यात जातात, दहा यंत्रांपैकी सात चालू, आणि एकेका यंत्रापुढे पाच मुले. माउस एकाच्या हातात, बाकीचे चौघे ‘आता मला दे’ म्हणत उभे. संगणकाचा तास घेणारे सर मुळात गणिताचे किंवा चित्रकलेचेही असू शकतात. अशा वेळी चाचणीत मोजता येते ते शिकवले जाते, आणि आज्ञांची पूर्ण रूपे मोजायला सोपी असतात. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. पाठांतराला कंटाळून जी भाषा जन्माला आली तिचेच आपण पाठांतर करवून घेतो आहोत, आणि स्क्रॅचचे ठोकळे आणले म्हणून हे बदलत नाही. ‘स्क्रॅच कोणत्या साली आली? २००७’ असा प्रश्न काढता येतोच.

फक्की, पुठ्ठा आणि एक वही

हे बदलायला नवी यंत्रे लागत नाहीत. आम्ही एका शाळेत सहावीच्या मुलांबरोबर केलेला प्रकार येथे देतो.

मैदानावर तिघांचे गट केले. एक कासव, एक मालक, एक नोंदणारा. मालकाने सर्व आज्ञा आधी कागदावर लिहायच्या. चालू असताना एकही बदल नाही. कासवाने लिहिले असेल तेवढेच करायचे, समजून-उमजून मदत करायची नाही. त्याच्या हातात फक्की, म्हणजे वाट जमिनीवर उमटते. वळण मोजण्यासाठी पुठ्ठ्याची एक तबकडी केली आणि तिच्यावर घड्याळासारख्या बारा खुणा केल्या. एक खूण म्हणजे ३० अंश, चार खुणा म्हणजे १२०. कासवाने प्रत्येक कोपऱ्यावर तबकडी पायाशी ठेवायची, बाराची खूण आपल्या समोर धरायची आणि मगच वळायचे.

काम दिले ते एक घर काढण्याचे : खाली चौरस, वर त्रिकोणी छप्पर. प्रत्येक बाजू दहा पावले. चौरस सर्वांना आला, त्रिकोणही १२० ने आला. बहुतेक गटांनी मग चौरसाच्या आज्ञांखाली त्रिकोणाच्या आज्ञा जशाच्या तशा जोडल्या. छप्पर घराच्या आत पडले, डाव्या भिंतीला टेकून! मैदानावर हशा झाला आणि येथूनच खरा तास सुरू झाला. चौरस बरोबर, त्रिकोणही बरोबर, मग चूक कोठे? नोंदणाऱ्याने दाखवले : चौरस संपला तेव्हा कासव खालच्या डाव्या कोपऱ्यात, वर तोंड करून उभे होते. दोन्ही तुकडे नीट होते, सांधा चुकला होता. दहा पावले वर जायला हवे होते. ते केले, तरी छप्पर तिरके झाले. ३० अंश उजवीकडे वळणे राहिले होते. दुसऱ्या दुरुस्तीनंतर घर उभे राहिले. हेच घर नंतर संगणकावर काढायला प्रत्येक गटाला पाच मिनिटेही लागली नाहीत.

वहीत चार रकाने आखून घेतले : काय हवे होते, काय झाले, फरक कोठे सुरू झाला, काय बदलले. या वहीला मुलांनीच ‘चुकांची वही’ असे नाव दिले. तिच्यात जास्त नोंदी असलेल्या मुलाला कमी गुण नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे आणि पाळावे.

परीक्षेतही बदल करता येतो. पंधरापैकी पाच गुणांना एक चुकलेला प्रोग्राम द्या. तीन प्रश्न विचारा : हा चालवला तर काय दिसेल? चूक कोणत्या ओळीत आहे? ती कशी सुधाराल? असा प्रश्न पाठ करता येत नाही, आणि तपासायलाही अवघड नाही.

हे आज का हवे?

कोणी म्हणेल, आता ही जुनी भाषा कशाला उकरून काढता? मुलांच्या हातात फोन आहेत. खरे आहे. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वर्षांच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. बटणे दाबायला शिकवण्याचे काम शाळेसाठी फारसे उरलेलेच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व इयत्तांपासून कोडिंगचा उल्लेख आहे, आणि दुसरीकडे विचारल्याबरोबर आख्खा प्रोग्राम लिहून देणारी साधने आली आहेत. ती साधने चुकतात, आणि चुकतानाही ठासून बोलतात. त्यांचे लिहिलेले तपासणार कोण? ज्याने कधी छप्पर घराबाहेर काढले आहे, तो निदान तपासून तरी पाहील.

फोनवर आलेला मजकूर, आकडा किंवा सूचना खरी मानून ओटीपी देऊन टाकणाऱ्यांत शिकलेली माणसेही असतात. यंत्राने सांगितले म्हणजे बरोबर असेल, ही भावना त्यामागे बरेचदा असते. कासव फिरवणाऱ्या मुलाला एक गोष्ट अनुभवाने कळते : यंत्र कोणीतरी सांगितलेले करते, आणि सांगणारा चुकलेला किंवा लबाडही असू शकतो. आमच्या मते संगणक-साक्षरतेचा पहिला धडा हाच असावा.

ज्या मुलाने ‘कासवासारखा’ असे लिहिले, त्याला आम्ही मैदानावर कासव केले होते. चाचणीतला गुण काही परत मिळाला नाही. पण तिरक्या छपरातील ३० अंशांची चूक सर्वांत आधी त्याच्याच लक्षात आली, कारण त्या कोपऱ्यावर तोच उभा होता. आपल्या वर्गात हा प्रयोग करून पाहा. मुलांनी केलेल्या चुका लिहून ठेवा आणि त्या आम्हाला जरूर कळवा. यशाच्या हकिकतींपेक्षा त्या वाचायला आम्हाला अधिक आवडतील.